आय-सेव्हन घेऊ का? आधी बघा, वाट कोण बघतंय!



मी मराठीत लेख लिहितेय हे माझ्या शाळेतल्या मराठीच्या टीचरना कळलं, तर त्या एक तर पेढे वाटतील नाहीतर चक्कर येऊन पडतील. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे भाजीवाला 'एकोणसत्तर' म्हणाला की मी अजूनही मनातल्या मनात सत्तरातून एक वजा करते. तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला, ही पहिली विनंती.

आता विषयाकडे येते. दरवर्षी ॲडमिशन झाल्या की फर्स्ट इयरची मुलं कँटीनमध्ये गाठतात आणि ठरलेला प्रश्न विचारतात, "दीदी, गेमिंगसाठी पीसी घ्यायचाय. आय-फाइव्ह घेऊ की आय-सेव्हन? की रायझन?" मला हे का विचारतात? कारण मी गेम खेळते हे सगळ्यांना माहीत आहे. मी या बाबतीत केवढी मोठी माती खाल्ली होती, हे मात्र कुणालाच माहीत नाही. आज ते सांगून टाकते. सगळ्यांना वेगवेगळं उत्तर देण्यापेक्षा एकदाच नीट लिहिलेलं बरं.

माझी पंचाहत्तर हजारांची चूक

जून २०२३. बारावी झाली होती, सीईटीचा निकाल चांगला लागला होता. बाबांनी कबूल केल्याप्रमाणे कॉम्प्युटर घ्यायचा होता. बजेट ७५,००० रुपये. हे पैसे कुठून आले ते मला आईकडून नंतर कळलं. घराला रंग द्यायचा म्हणून बाबांनी पोस्टात आरडी सुरू केली होती. ती त्यांनी माझ्या कॉम्प्युटरसाठी वापरली. रंग पुढच्या दिवाळीला, असं ठरलं.

आम्ही डोंबिवलीहून लोकलने दादर आणि तिथून ग्रँट रोड असे लॅमिंग्टन रोडला गेलो. दुकानात मी एकदम तयारीत. नाव पाठ करून गेले होते, आय-सेव्हन १२७००के. बारा कोअर, वीस थ्रेड! बाबांनी एकदाच विचारलं, "एवढा मोठा लागतो का गं?" मी म्हटलं, "बाबा, पुढची पाच वर्षं बघायला नको." ते म्हणाले, "घे मग. तुला कळतं त्यातलं."

त्या प्रोसेसरला शोभेल असा झेड ६९० बोर्ड घेतला. के मॉडेलबरोबर कूलर येत नाही, तोही वेगळा घेतला. बजेटचा अर्ध्याहून जास्त भाग एवढ्यातच संपला. मग रॅम, एसएसडी, पॉवर सप्लाय, कॅबिनेट घेतल्यावर ग्राफिक्स कार्डाला जे उरलं त्यात जीटीएक्स १६५० बसलं, चार जीबीवालं, २०१९ सालचं मॉडेल. दुकानदाराला मी दोष देत नाही. मी जे मागितलं ते त्याने दिलं.

कॅबिनेटचा खोका बाबांनी लोकलमध्ये मांडीवर धरून घरी आणला. रात्री मी हौसेने सायबरपंक २०७७ लावला आणि... स्लाइड शो! सेटिंग कमी केली तरी तिशी-चाळिशीत फ्रेम्स. टास्क मॅनेजर उघडून बघितलं तर ग्राफिक्स कार्ड ९९ टक्के आणि माझा लाडका आय-सेव्हन १५ ते २० टक्क्यांवर. म्हणजे बारा कोअर हातावर हात ठेवून बसले होते. पुढे कॉलेजात एका मैत्रिणीचा पीसी बघितला. आय-फाइव्ह १२४००एफ आणि आरटीएक्स ३०६०. एकूण खर्च माझ्यापेक्षा कमी, आणि तोच गेम तिच्याकडे लोण्यासारखा चालत होता. त्या दिवशी मला नीट झोप लागली नाही.

बाबांना मी बरेच दिवस काही सांगितलं नाही. ते विचारायचे, "काय, चाललंय ना मस्त?" मी म्हणायचे, "हो, एकदम मस्त." त्यानंतर मी हा विषय समजून घ्यायला लागले. खरं तर ते आधी करायला हवं होतं.

लाटणारा आणि भाजणारा

आमच्याकडे रविवारी आई पोळ्या लाटते आणि बाबा भाजतात. गेम चालतो तो अगदी असाच.

प्रोसेसर लाटतो, ग्राफिक्स कार्ड भाजतं. तुम्ही माउस हलवला, शत्रू कुठून आला, गोळी कुणाला लागली, गाडी कशावर आपटली, हा सगळा हिशोब प्रोसेसर करतो. मग 'इथे भिंत काढ, तिथे माणूस काढ' अशी कामांची यादी बनवून ग्राफिक्स कार्डाकडे सरकवतो. कार्ड त्या यादीवरून चित्र रंगवतं. एक चित्र म्हणजे एक फ्रेम. सेकंदाला ६० फ्रेम्स हव्या असतील तर एका फ्रेमसाठी १००० भागिले ६०, म्हणजे साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ हर्ट्झचा मॉनिटर आहे आणि तेवढ्या फ्रेम्स हव्या आहेत? मग फक्त ६.९ मिलिसेकंद. या वेळेत लाटणाऱ्याचं आणि भाजणाऱ्याचं, दोघांचंही काम झालं पाहिजे. दोघं एकाच वेळी काम करतात. भाजणारा एक पोळी भाजत असतो तेव्हा लाटणारा पुढची घेतो. त्यामुळे डब्यात पोळ्या किती वेगाने पडणार, हे दोघांतला जो हळू आहे तोच ठरवतो.

मी काय केलं होतं? लाटायला अन्नपूर्णा आणून बसवली आणि तवा घेतला भातुकलीतला! लाटलेल्या पोळ्यांची चळत लागली आणि अन्नपूर्णा तव्याकडे बघत बसली.

म्हणून माझ्या मते पहिला प्रश्न 'आय-फाइव्ह की आय-सेव्हन' हा नसतोच. पहिला प्रश्न असा, की माझ्या गेममध्ये, माझ्या स्क्रीनवर, कोण कुणाची वाट बघणार आहे?

स्क्रीन काय, गेम काय

याचं उत्तर दोन गोष्टींवर ठरतं. पहिली म्हणजे रिझोल्यूशन. फुल एचडी स्क्रीनवर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके असतात. १४४०पी वर ३६,८६,४०० आणि फोर-के वर ८२,९४,४००. म्हणजे फुल एचडीच्या बरोब्बर चौपट. प्रत्येक ठिपका रंगवायचं काम ग्राफिक्स कार्डाचं. पण शत्रू दहा असतील तर ते कुठल्याही स्क्रीनवर दहाच, त्यांचा हिशोब तेवढाच. त्यामुळे रिझोल्यूशन वाढवलं की कार्डावरचा बोजा वाढतो, प्रोसेसरचा जवळपास तेवढाच राहतो. फोर-के वर खेळणाऱ्याला महागड्या प्रोसेसरचा फायदा फारसा दिसत नाही, त्याचं हेच कारण.

दुसरी गोष्ट म्हणजे गेमचा स्वभाव. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ मध्ये चित्र त्या मानाने साधं असतं, पण खेळणाऱ्यांना फ्रेम्स हव्या असतात दोनशे-अडीचशे. इथे भाजणं पटापट उरकतं आणि लाटणाऱ्याचा घाम निघतो. म्हणजे इथे प्रोसेसर महत्त्वाचा. सिटीज स्कायलाइन्ससारखे शहर वसवायचे गेम घ्या. हजारो माणसं आणि गाड्या कुठून कुठे जातात याचा हिशोब प्रोसेसरच्या डोक्यावर. उलट सायबरपंक २०७७ सगळी सेटिंग चढवून खेळायचा असेल तर आधी ग्राफिक्स कार्डच दमतं.

घरच्या घरी तपासा

जुना पीसी आहे आणि त्यात काय बदलायचं कळत नाही? मग ही टेस्ट करा. पैसे लागत नाहीत.

व्ही-सिंक आणि फ्रेम लिमिट बंद करा, नाहीतर सगळे आकडे फसवे येतात. मग नेहमीचा गेम खेळताना ग्राफिक्स कार्ड किती टक्के वापरलं जातंय ते बघा. एमएसआय आफ्टरबर्नर नावाचं फुकट सॉफ्टवेअर हे खेळता खेळता स्क्रीनच्या कोपऱ्यात दाखवतं. कार्ड सतत ९५-९९ टक्के असेल तर कार्डच कमी पडतंय. नवीन प्रोसेसर घेऊन काही होणार नाही. कार्ड ६०-७० टक्क्यांवर रेंगाळतंय आणि तरी फ्रेम्स वाढत नाहीत? मग बहुतेक प्रोसेसर किंवा रॅम कमी पडतेय.

खात्री करायची असेल तर रिझोल्यूशन कमी करून बघा. फ्रेम्स भसकन वाढल्या तर अडचण कार्डाची. होत्या तेवढ्याच राहिल्या तर प्रोसेसरची.

इथे एक गंमत आहे, ती सगळ्यांना फसवते. 'माझा प्रोसेसर तर ३० टक्केच चालतोय, म्हणजे तो मोकळा आहे' असं वाटतं. पण हा आकडा सगळ्या थ्रेडची सरासरी असतो. सहा कोअर, बारा थ्रेडच्या प्रोसेसरमध्ये एकच थ्रेड जीव तोडून काम करत असेल आणि बाकीचे झोपले असतील, तर एकूण आकडा दिसतो फक्त ८ टक्के. आणि गेमचं मुख्य काम बऱ्याचदा असं एका-दोन थ्रेडवरच अडलेलं असतं. म्हणून प्रोसेसरच्या टक्क्यांवर जाऊ नका, कार्डाचे टक्के बघा.

सरासरी फ्रेम्सचंही तसंच. समजा एका सेकंदात ५५ फ्रेम्स प्रत्येकी १० मिलिसेकंदांत झाल्या आणि ५ फ्रेम्सना प्रत्येकी ९० मिलिसेकंद लागले. ५५० अधिक ४५०, बरोबर एक सेकंद. सरासरी ६०, कागदावर एकदम झकास! प्रत्यक्षात मात्र सेकंदाला पाच गचके. म्हणून रिव्ह्यूमध्ये '१ टक्का लो' असा आकडा देतात तो जरूर बघा. सगळ्यात हळू फ्रेम्सचा वेग त्यात कळतो. कमी पडणारा प्रोसेसर बऱ्याचदा आधी तिथेच पकडला जातो.

गिगाहर्ट्झची हवा

आता प्रोसेसर निवडताना लोक कशाला भुलतात ते बघू. सगळ्यात जुनी भूल गिगाहर्ट्झची.

पेंटियम ४ आला २००० साली. त्याची रचनाच घड्याळाचा वेग वाढत राहील अशा बेताने केली होती. एका सूचनेचं काम बारीक बारीक टप्प्यांत तोडलं होतं, सुरुवातीला २० टप्पे. २००४ च्या प्रेस्कॉट आवृत्तीत ते ३१ झाले. टप्पे छोटे म्हणून घड्याळ जोरात पळायचं. पण 'पुढे हे होईल' असा प्रोसेसरने लावलेला अंदाज चुकला, की अर्धवट झालेलं सगळं काम फेकून पुन्हा सुरुवात. गेममध्ये असे 'जर-तर' पावलोपावली येतात. सप्टेंबर २००३ मध्ये एएमडीने ॲथलॉन ६४ आणला. त्यातला ३२००+ हा फक्त २ गिगाहर्ट्झवर चालायचा आणि गेम्समध्ये ३.२ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ च्या पुढे निघायचा! ऑक्टोबर २००४ मध्ये इंटेलने ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ रद्दच केला आणि २००६ मध्ये कोअर २ ड्युओ ही वेगळ्या, लहान पाइपलाइनची रचना आणली.

सांगायचा मुद्दा असा, की वेग म्हणजे 'सेकंदाला किती ठोके' गुणिले 'एका ठोक्यात किती काम'. एकाच पिढीतल्या, एकाच घराण्यातल्या दोन प्रोसेसरची तुलना गिगाहर्ट्झवर करता येते. वेगवेगळ्या पिढ्यांची नाही.

कोअर जास्त म्हणजे भारी?

ही माझी स्वतःची भूल! सेकंड इयरला कॉम्प्युटर आर्किटेक्चरमध्ये ॲमडालचा नियम शिकलो, जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला. व्हायवासाठी मी तो घोकला आणि त्याच संध्याकाळी डोक्यात ट्यूब पेटली की अरे, हा तर माझ्या पीसीबद्दल आहे!

नियम सोपा आहे. कुकरच्या तीन शिट्ट्या व्हायला जो वेळ लागतो तो ओट्याशी दहा जणी उभ्या राहिल्या म्हणून कमी होत नाही. भाजी चिरायचं काम वाटून घेता येतं, शिट्ट्या नाही. समजा कामाचा ४० टक्के भाग एकामागून एकच करावा लागतो आणि ६० टक्के वाटता येतो. सहा कोअर लावले तर वेग १ भागिले ०.४ अधिक ०.१, म्हणजे दुप्पट. सोळा कोअर लावले तर? फक्त २.२९ पट. दहा कोअर जास्त घेऊन फायदा १४ टक्के. आणि कोअर अगणित लावले तरी अडीच पटीच्या पुढे जाणं नाही.

याचा अर्थ कोअर बिनकामाचे आहेत असा नाही हं. २०२० मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स या दोन्हींत आठ कोअर आहेत, त्यामुळे मोठे गेम त्या हिशोबाने लिहिले जातात. चार कोअर कमी पडायला लागलेत. पण नव्या पिढीचे सहा दमदार कोअर बहुतेक गेम्सना पुरतात आणि आठ असले की चंगळच. त्यापुढचे बारा-सोळा कोअर व्हिडिओ एडिटिंग, थ्रीडी रेंडरिंग, मोठे प्रोजेक्ट कंपाइल करणं अशा कामांचे. ते करत असाल तर जरूर घ्या. फक्त गेमसाठी नको.

मिसळणाचा डबा

ज्या गोष्टीकडे मी ढुंकूनही बघितलं नव्हतं ती म्हणजे कॅशे.

स्वयंपाक करताना हळद, तिखट, मोहरी मिसळणाच्या डब्यात हाताशी असते. जास्तीचा माल वरच्या फळीवर. प्रोसेसरच्या आतली कॅशे म्हणजे मिसळणाचा डबा आणि रॅम म्हणजे फळी. साडेचार गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरला एल-थ्री कॅशेमधून माहिती आणायला चाळीस-पन्नास ठोके लागतात. तीच रॅममधून आणायची तर साधारण ३०० ठोके. तेवढा वेळ बिचारा स्टूल लावून फळी धुंडाळतोय! आणि गेममध्ये पुढची माहिती कुठली लागेल याचा नेम नसतो, कारण पुढे काय होणार ते तुमच्या माउसवर अवलंबून असतं.

याचं सगळ्यात छान उदाहरण एप्रिल २०२२ मध्ये आलं. एएमडीकडे रायझन ७ ५८००एक्स होता, आठ कोअर, ४.७ गिगाहर्ट्झपर्यंत, ३२ एमबी एल-थ्री. त्यांनी त्याच चिपच्या डोक्यावर आणखी ६४ एमबी कॅशे चढवली, माळ्यावर माळा बांधावा तशी. एकूण ९६ एमबी. हा ५८००एक्स३डी. याचा वेग उलट कमी होता, ४.५ गिगाहर्ट्झपर्यंतच. आणि तरी गेम्समध्ये तो आपल्या थोरल्या भावाच्या खूप पुढे गेला. व्हिडिओ एन्कोडिंगसारख्या कामात मात्र किंचित मागे! तिथे डबा मोठा असून उपयोग नव्हता. पुढे २०२३ मध्ये ७८००एक्स३डी आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये ९८००एक्स३डी याच वाटेने आले. गेमसाठी पैशांची ददात नसेल तर सोळा कोअरवाल्यापेक्षा आठ कोअरचा एक्स३डी बघावा, असं म्हणतात ते यामुळे.

नावाचा घोळ

'आय-सेव्हन आहे म्हणजे आय-थ्रीपेक्षा भारीच असणार.' असं नाही! २०१२ चा आय-सेव्हन ३७७० आणि २०२२ चा आय-थ्री १२१००, दोघांनाही चार कोअर, आठ थ्रेड. दहा वर्षांत एका ठोक्यात होणारं काम इतकं वाढलं की धाकटा आय-थ्री थोरल्या आय-सेव्हनला सहज मागे टाकतो. नावातला पहिला आकडा इयत्तेसारखा समजू नका. तो तुकडीसारखा आहे. चौथीची 'अ' तुकडी नववीच्या 'क' तुकडीच्या पुढे असते का? इयत्ता कळते ती पुढच्या आकड्यांवरून.

शेवटची अक्षरंही महत्त्वाची. इंटेलमध्ये 'एफ' म्हणजे आतलं ग्राफिक्स नाही. आमच्या वर्गातल्या एकाने 'एफ' घेतला, कार्ड पुढच्या महिन्यात घेऊ म्हणाला आणि महिनाभर काळ्या स्क्रीनकडे बघत बसला. 'के' म्हणजे ओव्हरक्लॉक करता येणारा. त्यासाठी झेड बोर्ड लागतो आणि चांगला कूलर लागतो. मी दोन्ही घेतले आणि आजपर्यंत एकदाही ओव्हरक्लॉक केलं नाही. रायझनमध्ये 'जी' म्हणजे आत बरं ग्राफिक्स असलेला. कार्डाला पैसेच नसतील तर तो बरा पर्याय. पण ५६००जी घेऊन नंतर कार्ड लावू, असा बेत असेल तर लक्षात ठेवा, त्याची एल-थ्री १६ एमबी आहे आणि साध्या ५६०० ची ३२. कार्ड लावल्यावर साधा ५६०० पुढे जातो.

प्रोसेसर एकटा येत नाही

प्रोसेसर घेताना सगळं सासर बघावं लागतं! बोर्ड, रॅम, कूलर, पॉवर सप्लाय.

बोर्डाचा सॉकेट जुळला पाहिजे, आणि पुढे काय बसेल तेही बघायचं. एएमडीच्या एएम४ सॉकेटचं कौतुक यासाठीच. २०१७ मध्ये पहिल्या रायझनबरोबर घेतलेल्या कित्येक बोर्डांवर, बायॉस अपडेट करून, २०२२ चा ५८००एक्स३डी बसला. म्हणजे पाच वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलून पीसी नवा. इंटेलच्या एलजीए १७०० वर बारावी, तेरावी, चौदावी या तीन पिढ्या बसल्या आणि २०२४ मध्ये नवीन सॉकेट आला. एएम५ २०२२ मध्ये आला आणि तो फक्त डीडीआर५ रॅम घेतो, म्हणजे जुनी रॅम तिथे चालणार नाही.

रॅमची एकच १६ जीबीची पट्टी घेऊ नका, ८ च्या दोन घ्या. दोन पट्ट्या म्हणजे दोन रस्ते, माहिती दुप्पट वेगाने ये-जा करते. आणि बायॉसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा एक्स्पो चालू करा, नाहीतर ३२०० ची रॅम पैसे घेऊन कमी वेगाने चालत राहते.

उष्णतेचा विचारही करा. आय-नाइन १४९००के २५३ वॉटपर्यंत वीज ओढू शकतो. ती सगळी उष्णता शेवटी तुमच्या खोलीतच येते. मे महिन्यात, बिनएसीच्या खोलीत, स्वस्त कूलरवर असा प्रोसेसर तापून स्वतःचा वेग स्वतःच कमी करतो. म्हणजे पैसे पूर्ण आणि वेग अर्धामुर्धा. शिवाय इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतल्या वरच्या मॉडेल्समध्ये जास्त व्होल्टेजमुळे गेम बंद पडण्याचा प्रॉब्लेम निघाला होता. २०२४ मध्ये कंपनीने तो मान्य केला, मायक्रोकोड दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. सेकंडहँड घेत असाल तर बायॉस अपडेट केलं होतं का, हे विचाराच.

सेकंडहँडवरून आणखी एक. 'आय-सेव्हन, फक्त एवढ्यात' म्हणून जुनं काही गळ्यात मारतील. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ अधिकृतपणे साधारण इंटेलच्या आठव्या पिढीपासून आणि रायझन २००० पासून पुढेच चालतं. व्हॅलोरंट तर विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट असल्याशिवाय सुरूच होत नाही. स्वस्त आय-सेव्हन घेतला आणि ज्या गेमसाठी घेतला तोच चालेना, असं व्हायला नको.

मग घ्यायचा कसा?

मी आता हा क्रम पाळते. आधी कुठले गेम खेळायचे ते कागदावर लिहा. मग स्क्रीन किती रिझोल्यूशनची आणि किती हर्ट्झची ते लिहा. त्यावरून ग्राफिक्स कार्ड ठरवा. मग त्या कार्डाला वाट बघायला न लावणारा सगळ्यात स्वस्त प्रोसेसर शोधा. हो, सगळ्यात स्वस्त! उरलेले पैसे कार्डात, रॅममध्ये, चांगल्या पॉवर सप्लायमध्ये घाला. रिव्ह्यू बघताना तुमचाच गेम, तुमचंच रिझोल्यूशन बघा. आणि शेवटी, पुढे बदलायची वेळ आली तर याच बोर्डवर काय बसेल, ते विचारा.

गेल्या वर्षी, मे २०२५ मध्ये, सांगलीच्या माझ्या मामेभावाला पीसी घ्यायचा होता. बजेट ६०,०००. खेळणार व्हॅलोरंट आणि अधूनमधून जीटीए ५, स्क्रीन फुल एचडी १४४ हर्ट्झची. तो बारा कोअरचा रायझन ९ घेऊनच बसला होता. मी रायझन ५ ५६०० सांगितला, बजेटच्या साधारण सहाव्या भागात बसणारा, आणि त्याच्या दुपटीचे पैसे कार्डात घातले. फोनवर तो रुसलाच. "ताई, फक्त सिक्स कोअर? मित्र हसतील गं."

मी त्याला म्हटलं, "हसू देत. माझ्याकडे बारा आहेत, रडतेय मी."

मग त्याला माझी गोष्ट सांगितली. सगळी, घराच्या रंगासकट. बाबा तिथेच पेपर वाचत बसले होते. माझ्या लक्षात येईपर्यंत सगळं बोलून झालं होतं. बाबांनी पेपर खाली केला आणि म्हणाले, "अगं, म्हणजे तो एवढा मोठा लागत नव्हता?"

मी मान हलवली. दोन वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट अशी बाहेर पडली. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "बरं झालं, त्याचे तरी पैसे वाचले."

ओरडले असते तर परवडलं असतं.

मामेभावाचा पीसी छान चालतो. मित्र हसले नाहीत, उलट त्यातल्या दोघांनी तसाच घेतला. मी त्या उन्हाळ्याच्या इंटर्नशिपच्या स्टायपेंडमधून ग्राफिक्स कार्ड घ्यायचं ठरवलं होतं, ते पुढे ढकललं. २०२५ च्या दिवाळीत आमच्या हॉलला रंग लागला. तेवढ्यात फक्त हॉलच झाला, बाकीच्या खोल्या पुढच्या वेळी. माझा आय-सेव्हन अजून १६५० बरोबरच संसार करतोय.

तेव्हा मित्रांनो, कॅटलॉग उघडण्याआधी घरातल्या कुणी ते पैसे कशातून काढलेत एवढं विचारा. आपोआप डोकं ताळ्यावर येतं. आणि तरीही काही अडलं तर कँटीनमध्ये या. सल्ला फुकट, कटिंग चहा तुमच्याकडून!